जवसाचा दोरा आणि आमचा कूलर

एप्रिल लागला तरी आमच्या घरी कूलर लागला नव्हता आणि त्यावरून आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या आमच्या वस्तीत, निरनिराळी मतं होती. एक मत असं, की माझं पेन्शन कुठेतरी अडकलं असावं. दुसरं असं, की मी निसर्गोपचार सुरू केला असावा. तिसरं मत लोक माझ्यासमोर बोलून दाखवत नसत, पण मी दिसलो की माझ्या डोक्याकडे काळजीने बघत. नागपुरात उन्हाळ्यात कूलर न लावणारा माणूस संशयितच असतो. इथे होळी पेटली की दुसऱ्या दिवशी घरोघर माळ्यावरून जाळ्या खाली येतात, अंगणात खस, म्हणजे वाळ्याचं गवत, पसरली जाते आणि ज्याचा कूलर आधी सुरू झाला त्याच्याकडे लोक संध्याकाळी उगाच बसायला जातात. मी मात्र गॅलरीत ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेला असे, आणि माझ्या शेजारी माझा कूलर कोरडा उभा असे.

खरं कारण साधं होतं आणि ते मी कुणालाही सांगणार नव्हतो. आमचा कूलर बांधायला दोन माणसं लागतात. तो नोकरीत, खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये असताना घेतलेला, पत्र्याचा, जंबो साइजचा, चाकांच्या स्टँडवर उभा असलेला कूलर आहे. त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांवर खस पसरून ती सुतळीने शिवावी लागते. गोपिका, म्हणजे माझी बायको, बाहेर पाटावर बसून दाभण आत घालते. मी कूलरच्या पोटात डोकं घालून ते ओढतो आणि दुसऱ्या भोकातून परत बाहेर देतो. लग्न झाल्यापासून दरवर्षी हे असंच चाललंय. आमच्या संसारातलं हे एकच काम असं आहे, की ज्यात ती हुकूम सोडते आणि मी तो ऐकतो. बाकीच्या कामांतही हुकूम तिचेच असतात, पण मी ऐकतोच असं नाही.

आणि गोपिका दिवाळीपासून बंगलोरला होती. आमची मुलगी वैभवी तिथे असते, तिला मुलगी झाली, म्हणून आम्ही दोघंही गेलो होतो. मी पंधरा-वीस दिवसांत परत आलो. घराचा टॅक्स भरायचा आहे असं कारण सांगितलं, पण खरं म्हणजे त्या सोळाव्या मजल्यावर मला कुणी ओळखत नव्हतं आणि लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी भांडतसुद्धा नव्हतं. गोपिका म्हणाली, होळीपर्यंत येते. मग म्हणाली, पाडव्याले येते. मग म्हणाली, बघू. मधल्या काळात वैभवीने हळूच सुचवलं होतं, की नागपूरचं घर विकून दोघांनी इकडेच यावं. त्यावर गोपिका हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. एकदा फोनवर मात्र ती फार आनंदाने म्हणाली, "इथं तर पंखाही लागत नाही जी." हे वाक्य मला लागलं. नागपूरच्या माणसाशी लग्न केलेल्या बाईने असं बोलू नये.

तेव्हा माझ्या मनाने असा हिशेब मांडला, की जोवर कूलर बांधला नाही तोवर त्याचं दुसरं माणूस यायचं आहे. बाजारातून माणूस बोलावून खस बांधून घेतली, तर त्याचा अर्थ मी मान्य केलं असा झाला. काय मान्य केलं, हे मी मनातही पूर्ण म्हणत नसे. नुसता पंचा पुन्हा ओला करून आणत असे.

या अवस्थेत मी असताना आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्ष सिंधूताईंनी 'एक शब्द, एक व्याख्यान' ही मालिका सुरू केली होती. सिंधूताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि त्या सुचवतात तेव्हा आपल्याला शाळेत उशिरा आल्यासारखं वाटतं. रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो कुठून आला आणि त्याचे अर्थ किती, हे सांगायचं, अशी कल्पना होती. माझ्या आधी शेजारच्या रुपरावजींनी 'टाइम' या शब्दावर भाषण केलं. ते इतकं लांबलं, की शेवटी टाळ्या वाजवायला मोजकीच माणसं उरली. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा मी जराही विचार न करता शब्द सांगितला, लाईन.

या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मी आयुष्यभर खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होतो. ले-आउटमध्ये ही बातमी पसरल्यापासून दिवे गेले की लोक माझ्या फाटकाशी येतात आणि विचारतात, "देवरावजी, लाईन कवा येईन?" मी त्यांना समजावून सांगतो, की मी वीज तयार करण्याकडे होतो, घरोघर पोचवण्याकडे नव्हतो, शिवाय आता मी निवृत्त आहे. ते शांतपणे ऐकून घेतात. मग विचारतात, "ते बरोबर आहे, पण येईन कवा?"

नीट बघितलं तर या एका शब्दावर आपला अर्धा कारभार चालतो. दिवे जातात तेव्हा लाईन जाते. रेशनला उभं राहायचं तर लाईन लावावी लागते. साहेब लोक सिव्हिल लाइन्समध्ये राहतात आणि शिपाई पोलीस लाइनीत. मुलगा कॉलेजात गेला की लाईन मारतो, नापास झाला की त्याला कुणीतरी लाईनवर आणतं, आणि पास झाला की पाहुणे विचारतात, कोणती लाईन घेतली. क्वार्टरमध्ये आम्ही कुणाची ओळख सांगताना, आमच्याच लाईनीतले, असं म्हणत असू, म्हणजे त्याच्या घरून वाटीभर साखर आणायला हरकत नसे. इतके अर्थ एका शब्दात कसे मावतात हे शोधायला मी लायब्ररीत गेलो, तिथल्या जाडजूड कोशात बघितलं, घरी येऊन मोबाइलवर पडताळलं, आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो.

लाईन हा शब्द जवसापासून निघाला आहे. तेच आपलं जवस, ज्याची चटणी भाकरीवर घेऊन वर तेलाची धार सोडतात. जवसाच्या काडीतून पूर्वी धागा काढत. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. जवसाला लॅटिनमध्ये लीनुम म्हणत, त्याच्या दोऱ्याला लीनेआ म्हणत. तिकडच्या जुन्या गवंड्यांनी तो दोरा भिंतीच्या दोन टोकांना ताणून धरला आणि त्याला धरून विटा रचल्या. तो दोरा म्हणजे लाईन. आपला गवंडी तिला आजही लाईनदोरी म्हणतो. मग त्या दोऱ्याने आखलेली रेघ लाईन झाली, रेघेत उभी राहिलेली माणसं लाईन झाली, रूळ झाले, तारा झाल्या. कोटाच्या आत लिननचं अस्तर लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग म्हणू लागले. बायकांच्या आतल्या कपड्यांचा एक फ्रेंच शब्दही याच जवसातून निघालाय, पण सिंधूताई पहिल्या रांगेत बसणार होत्या म्हणून तो मी तिथल्या तिथे रद्द केला.

ज्या जवसाची चटणी खाऊन मी मोठा झालो, त्याच्या काडीत साऱ्या जगाच्या लाईनी लपलेल्या होत्या, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं. मी फोन केला. गोपिका नातीला झोपवत होती, तिने हळू आवाजात ऐकून घेतलं आणि हसायला लागली. तिच्या माहेरी, काटोलकडे, जवस पेरायचे.

"जवसाच्या काड्या आम्ही चुलीत घालत होतो," ती म्हणाली. "त्याच्यातून दोराबिरा काही निघत नाही."

मी म्हणालो, निघतो, कोशात लिहिलंय.

"मग काढून दाखवा," ती म्हणाली. "दोरा निघाला तर तुमच्या भाषणाले येतेच मी."

ती हे हसत म्हणाली होती. मी मात्र फोन ठेवल्याबरोबर चपला घातल्या.

जवस बाजारात मिळतं, पण त्याच्या काड्या मिळत नाहीत, कारण काड्या विकत घेणारा वेडा माणूस बाजाराने अजून बघितलेला नाही. माझा कंट्रोल रूममधला जुना सोबती धम्मानंद खापरखेड्याकडेच राहतो आणि त्याच्या मेहुण्याच्या शेतात थोडं जवस असतं. त्याला फोन केला तर त्याने आधी गोपिकाच्या तब्येतीची चौकशी केली, मग माझ्या तब्येतीची जास्त बारकाईने केली, आणि दुसऱ्या दिवशी काड्यांचा भारा बसने पाठवून दिला. तो भारा डोक्यावर घेऊन मी भर दुपारी ले-आउटमध्ये शिरलो, तेव्हा निसर्गोपचाराच्या मताला बराच जोर आला.

आता कृती. कोशाप्रमाणे काड्या पाण्यात बुडवून कुजवायच्या. त्यांना चिकटवून ठेवणारा चीक सडून गेला की आतला तंतू मोकळा होतो. कृती सोपी होती, फक्त एवढ्या काड्या बुडवायच्या कशात हा प्रश्न होता. बादलीत त्या उभ्या राहत, घमेल्यात तरंगत. मग माझं लक्ष कूलरच्या टाकीकडे गेलं. लांब, रुंद, खोल, गॅलरीच्या सावलीत, आणि यंदा रिकामी. मी टाकी भरली, काड्या आडव्या घातल्या, वर गोपिकाचा वरवंटा ठेवला आणि वरवंट्याबद्दल फोनवर बोलायचं नाही असं ठरवलं.

सुरुवातीला काही झालं नाही. मग एक सौम्य वास यायला लागला, पावसाळ्यात मोजे वाळले नाहीत की येतो तसा. मग तो सौम्य राहिला नाही. ले-आउटमध्ये सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं फिनेल टाका, कुणी म्हणालं कापूर जाळा, एकांनी तर वास्तूची शांत करायला सांगितलं. बऱ्याच जणांना आपापल्या घरात उंदीर मेल्यासारखं वाटलं, त्यांनी कपाटं हलवली, आणि एका घरी खरोखरच उंदीर सापडल्यामुळे माझी दोन दिवस सुटका झाली. या सगळ्यात तक्रार न करणारा एकच माणूस होता, रुपरावजी. करोना झाल्यापासून त्यांना वास येत नाही. ते निवांत माझ्या गॅलरीत येऊन बसत आणि 'टाइम' या शब्दाचे राहून गेलेले अर्थ मला सांगत. त्या काळात मला त्यांच्यासारखा शेजारी दुसरा नव्हता.

मग घरोघरचे कूलर तपासणाऱ्या बाई आल्या. पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का हे त्या बघतात. त्यांनी टाकीत टॉर्च मारला, नाकाला ओढणी लावली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, लाईन आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना लॅटिनपासून सांगायला सुरुवात केली, गवंड्यांपर्यंत आलो, पण त्यांना पुढची घरं करायची होती. त्यांच्या कागदावर अळी आहे किंवा नाही एवढेच दोन रकाने होते. अळी तर नव्हती, त्या पाण्यात जगायला अळीसुद्धा तयार नव्हती. शेवटी शेरा म्हणून त्यांनी लिहिलं, टाकीत वैरण भिजवलेली आढळली.

चार दिवसांनी दुसऱ्या एका ऑफिसातून एक गृहस्थ आले आणि त्यांनी विचारलं, म्हैस कुठे आहे. वस्तीत विनापरवाना जनावर पाळल्याची नोंद होती. मी म्हैस नाही म्हणालो. ते म्हणाले, मग वैरण कोण खातं. मी त्यांना घर दाखवलं. त्यांनी बेडरूम बघितली, बाथरूमचं दार ढकलून बघितलं, गच्चीवर गेले, आणि म्हैस लपवण्याच्या माझ्या कौशल्याबद्दल थोडा आदर घेऊनच खाली आले. त्यांनी मला ऑफिसात येऊन म्हैस नसल्याचं लिहून द्यायला सांगितलं. ऑफिसात गेलो तर टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, नसल्याचा पुरावा काय. खापरखेड्याच्या टर्बाइनसमोर उभं राहून ज्याने सारी उमेदीची वर्षं काढली, त्या माणसाने म्हैस नसल्याचा पुरावा शोधत तीन टेबलं फिरावं, हे मला फार लागलं. शेवटी एका खिडकीत मला सांगितलं, की आधी म्हशीची नोंद करा, मग ती विकल्याचं दाखवू. मी घरी आलो आणि पंचा ओला केला.

पण काड्या कुजल्या होत्या. मी त्यातल्या मूठभर काढून गच्चीवर वाळवल्या, लाटण्याने ठेचल्या, आणि तंतू विंचरायला कोशात सांगितलेला लोखंडी दात्यांचा फळा नव्हता म्हणून गोपिकाची जुनी लाकडी फणी घेतली. फणी आरशाखालच्या फळीवर तशीच होती, दिवाळीपासून. तिच्यात एक केस अडकलेला होता, अर्धा पांढरा. मी तो काढला नाही. तशीच फणी तंतूंतून फिरवली, भुसा झडून गेला, आणि मग हातात जे उरलं ते तिच्या केसाच्याच रंगाचं होतं. मला तिची फार आठवण आली. घरात बायको नसली की माणूस जेवणाचे हाल सांगतो, कपड्यांचे सांगतो, कारण ते सांगता येतात. मी गच्चीवर तो झुबका हातात घेऊन बराच वेळ बसलो, आणि खाली कुणीतरी वासावरून ओरडत होतं तरी उठलो नाही.

ते तंतू मांडीवर वळून मी वीतभर, मग हातभर दोरा केला. तपकिरी, गाठाळ, पण दोरा. त्याचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "निघाला हो," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. मग म्हणाली, की नातीचं उष्टावण नेमकं त्याच दिवशी ठरलं आहे, वैभवीच्या सासूबाईंनी मुहूर्त काढलाय, आता मोडता येत नाही. भाषण ती फोनवर बघेल. मी म्हणालो, काही हरकत नाही. कंट्रोल रूममध्ये एखादं युनिट बंद पडलं की वरिष्ठांना ज्या आवाजात कळवायचो, त्याच आवाजात म्हणालो.

त्यानंतर उरलेल्या काड्यांकडे मी बघितलं नाही. पाणी गटारात सोडायला शेजारी तयार नव्हते, झाडांना घालायला माळी तयार नव्हता, आणि मला कशातच जीव नव्हता. टाकीवर मी एक जुनी चादर टाकली आणि भाषण झालं की बघू म्हणालो. माझ्याही तोंडात तिचा तो 'बघू' आला होता.

भाषणाच्या दिवशी मी दुपारी केसांच्या कटिंगला गेलो. घराची किल्ली नेहमीप्रमाणे रुपरावजींकडे होती. परत येऊन थेट आमच्या घराला लागून असलेल्या मंडळाच्या हॉलमध्ये गेलो, तर सगळी मंडळी घामाने थबथबलेली, कारण लाईन गेलेली होती. माझ्या गॅलरीचा थोडा वास तिथे रोजचाच झाला होता, त्यामुळे तो कुणी मनावर घेतला नव्हता. मी आत शिरताच साऱ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी क्षणभर माफी मागणार होतो. कोपऱ्यात एक कूलर उभा होता, त्याच्या नव्या खसेकडे माझं लक्ष गेलं, पण मनात भाषण घोळत होतं. सिंधूताईंनी माझा मोबाइल त्यांच्या स्टँडवर लावला. पडद्यावर गोपिका होती, नवी साडी नेसलेली, मांडीवर नात. नातीच्या गालाला खीर लागलेली होती. मागे खिडकीत ढगाळ हवा दिसत होती.

मी बोलायला उभा राहिलो. खरं सांगायचं तर बरा बोललो. जवसापासून सुरुवात केली तेव्हा बायका पुढे सरकल्या, गवंड्यांच्या दोरीवर पुरुषांनी माना हलवल्या, कॉलेजातल्या लाईनीवर मागची रांग हसली. पडद्यावर गोपिकाही हसली. मग मी खिशातून तो दोरा काढला.

"हा दोरा एकट्याच्या हातात नुसता लोंबतो," मी म्हणालो. "याला लाईन म्हणत नाहीत. दुसरं टोक कुणीतरी धरलं, ताणलं, की मग ती लाईन. मी बरेच महिने एकच टोक धरून उभा आहे."

शेवटचं वाक्य माझ्या कागदात नव्हतं. ते कसं आलं मला कळलं नाही. सिंधूताई उठल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. आणि त्याच क्षणी लाईन आली.

पंखे फिरले, आणि कोपऱ्यातला कूलर, ज्याचं बटण कुणीतरी आधीच पूर्ण वेगावर फिरवून ठेवलं होतं, तो गुरगुरत सुरू झाला. पंपाने टाकीतलं पाणी खसेवर चढवलं, पंख्याने त्यातून हवा ओढली आणि हॉलभर फेकली. तीन आठवडे कुजलेल्या जवसाची हवा. पहिल्यांदा प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे बघितलं. मग काहींनी चपलांचे तळ तपासले. कुणीतरी गॅस म्हणालं. त्यानंतर माणसं उठली, आणि गुडघेदुखीसाठी दर महिन्याला शिबिर भरवणाऱ्या मंडळाचे सभासद ज्या वेगाने दाराबाहेर पडले, तो वेग मी पुन्हा बघेन असं वाटत नाही. सिंधूताईंनी दोऱ्याचं टोक मात्र दारापर्यंत सोडलं नाही. तिथपर्यंत मीही त्यांच्यामागे ओढला गेलो, मग दोरा तुटला.

हॉलमध्ये मी उरलो, आणि रुपरावजी. ते बरोबर कूलरसमोर शर्टाची वरची बटणं उघडून बसले होते.

"हवा मस्त लागून राहिली," ते म्हणाले. "लोक काहून गेले?"

मग त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये कूलर नाही, गर्मी मरणाची, आणि माझ्या भाषणाला लोक टिकले पाहिजेत म्हणून त्यांनी माझाच कूलर चाकांवर ढकलत आणला होता. नवी खस स्वतः विकत आणून, बाहेरूनच गाठी मारून एकट्याने बांधली होती. टाकीत काड्या दिसल्या तेव्हा त्यांना वाटलं, पाण्याला वास यावा म्हणून मी खस भिजवून ठेवली आहे. आमच्याकडे तशी पद्धत आहे. फक्त वरवंटा कशाला, हे त्यांना कळलं नव्हतं, पण माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने ठेवला म्हणजे काही कारण असेल असं समजून त्यांनी तोही राहू दिला होता. मी बटण बंद केलं.

मोबाइल स्टँडवर तसाच सुरू होता. गोपिका पडद्याच्या अगदी जवळ आली होती. मला वाटलं ती वरवंट्याचं विचारणार.

"तो कूलर आपला आहे का जी?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"कोनं बांधला?"

"रुपरावजींनी."

नात तिची बांगडी ओढत होती.

"मले वाटलं होतं, मी आल्याशिवाय लागत नाही तो," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

लोकांनी त्या संध्याकाळी मला बरंच ऐकवलं. मालिका एकमताने बंद झाली, टाकीतलं पाणी पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये पंचांसमक्ष ओतलं गेलं, हॉल दोनदा धुतला गेला. मला यातलं काही लागलं नाही. मी एवढंच धरून बसलो होतो, की मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते ती तिकडे बसून ओळखून होती. रोज फोनवर ती सहज विचारल्यासारखं विचारायची, गर्मी किती आहे, कूलर लागला का. मी नाही म्हणालो की ती विषय बदलायची. मला वाटायचं तिला काही नाही त्याचं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलला नाही. वैभवीने उचलला. म्हणाली, "बाबा, आई बॅग भरून राहिली. म्हणते, खस उलटी बांधली आहे, फोनवर दिसली मले. आठ दिवसांसाठी येते. परतीचं तिकीटही मी काढून दिलंय."

स्टेशनवरून घरी आल्यावर गोपिकाने पाणीसुद्धा घेतलं नाही. गॅलरीत गेली, रुपरावजींच्या सगळ्या गाठी कात्रीने कापल्या, वरवंटा उचलून हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि तो चिंचेच्या पाण्यात घातला. टाकी सोड्याने घासली. मग पाट घेऊन बसली आणि म्हणाली, बसा आत. मी कूलरच्या पोटात डोकं घातलं. जाळीच्या एकेका चौकोनातून ती मला तुकड्यातुकड्यांनी दिसत होती, कधी कपाळ, कधी हात, कधी चष्मा. ती थोडी वाळली होती. दाभण आत आलं, मी ओढलं, परत दिलं. ती मला ढिलं ओढता म्हणून रागावली. इतकं बरं मला सहा महिन्यांत वाटलं नव्हतं. जवसाच्या दोऱ्याचा माझ्याकडे उरलेला तुकडा तिने बघितला, कच्चा आहे म्हणाली, आणि जाळीच्या वरच्या कोपऱ्यात शोभेला बांधून टाकला.

परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. मी त्याबद्दल काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी खालची एक गाठ सोडली. बाहेर आल्यावर तिला लोंबलेली खस दिसली. ढिली पडली वाटते, म्हणाली, आणि आम्ही दोघांनी ती पुन्हा शिवली. तिसऱ्या दिवशी मी डावीकडची सोडली. चौथ्या दिवशी मागची. जी गाठ दरवर्षी उन्हाळाभर ढिम्म हलत नसे ती आता रोज सकाळी काहून सुटते, हे त्या बाईने एकदाही विचारलं नाही. रोज पाट घेई, दाभणात सुतळी ओवी आणि बसा आत म्हणे.

शेवटच्या दिवशी मी ठरवलं, की आता गाठ सोडायची नाही. दुपारची गाडी होती. नात तिकडे वाट बघत होती, आणि या वयात बायकोला सुतळीने अडवणारा माणूस मला स्वतःलाच बरा दिसेना. मी सकाळी तिची बॅग पुसून दाराशी ठेवली, चहा केला, दोन्ही कप घेऊन गॅलरीत आलो.

कूलरची समोरची अख्खी खस खाली लोंबत होती. कोपऱ्यातल्या जवसाच्या दोऱ्यावर तेवढी ती अडकून राहिली होती. गोपिका पाटावर बसून दाभणात सुतळी ओवत होती.

मी कप हातात धरून उभा राहिलो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आज मी सोडली नाही."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. सुतळीचं टोक तिने तोंडाने ओलं केलं, नेढ्यातून ओढून घेतलं. "बसा आत. एकटीच्यानं होत नाही हे."

मी कप खाली ठेवले आणि आत डोकं घातलं.